सुसी सुसान्तीचा खेळ ‘केवळ बचावाचा’ होता का?

पांढरी_रेघ

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका लहानशा क्लबमध्ये दहा ते पंधरा वर्षांच्या मुलींना बॅडमिंटन शिकवते. गेल्या महिन्यात पावसामुळे हॉलचे छप्पर गळू लागले आणि सराव बंद ठेवावा लागला. त्या दिवशी मी मुलींना १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधील महिला एकेरीच्या अंतिम सामन्याचे चित्रण दाखवले. इंडोनेशियाची सुसी सुसान्ती त्यात दक्षिण कोरियाच्या बांग सू-ह्यूनविरुद्ध पहिला गेम ५-११ असा हरते आणि पुढचे दोन ११-५, ११-३ असे जिंकते. मुली अगदी स्तब्ध होऊन पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी आमच्याच क्लबमधील एका ज्येष्ठ प्रशिक्षकांनी मला सांगितले, की मुलींना हे दाखवू नका. त्यांच्या मते सुसी केवळ फूल (शटल) परत करत राहायची, समोरची चुकेपर्यंत वाट पाहायची, आणि सर्व्हिस असतानाच गुण मिळण्याच्या त्या काळात ते चालून गेले. आजच्या २१ गुणांच्या खेळात मुलींनी तिचे अनुकरण केले तर त्या मागे पडतील.

मला हे मत पटले नाही, पण त्या वेळी नीट उत्तरही देता आले नाही. चार वेळा ऑल इंग्लंड (१९९०, १९९१, १९९३, १९९४), १९९३चे विश्वविजेतेपद, ऑलिंपिकचे सुवर्ण आणि नंतर कांस्य, पाच विश्वचषक आणि सहा वेळा ग्रां प्री अंतिम स्पर्धा, एवढे सगळे निव्वळ समोरचीच्या चुकांवर उभे राहते का? ज्यांनी तो काळ पाहिला आहे किंवा त्या पद्धतीने स्वतः खेळले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सदाफुली

विषय काढल्याबद्दल मनापासून आभार. मी शाळेत असताना, १९९४च्या सुमारास, आमच्या सरांनी कुठूनतरी सुसीच्या सामन्याची व्हिडिओ कॅसेट आणली होती. सर ती थांबवून थांबवून दाखवायचे. नेटजवळ अगदी खाली पडणारे ड्रॉप उचलताना ती दोन्ही पाय पूर्ण फाकवून जमिनीलगत जायची, हे त्या कॅसेटमुळेच मी प्रथम पाहिले. दुसऱ्या दिवशी सिमेंटच्या कोर्टवर मी तसेच करायला गेले, जांघेतला स्नायू दुखावला आणि तीन आठवडे घरी बसले.

बरे झाल्यावर सरांनी तोच तुकडा पुन्हा लावला आणि या वेळी मला फक्त तिच्या मागच्या पायाकडे बघायला सांगितले. ती खाली जायची तेव्हाच तिचा मागचा पाय परत ओढला जायला लागलेला असायचा. फूल उचलले जाईपर्यंत ती अर्धी उभी झालेली असायची आणि समोरची पुढचा फटका मारेपर्यंत कोर्टच्या मध्यावर परतलेली असायची. आम्ही सगळ्या मुली तिच्या खाली जाण्याला टाळ्या वाजवत होतो आणि सर आम्हाला तिचे वर येणे दाखवत होते.

तेव्हा ‘केवळ बचाव’ म्हणणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की फूल परत करणे आणि फूल परत करून पुढच्या फटक्याला तयार असणे, या दोहोंत फार अंतर आहे.

बॅकहँड_क्रॉस

मी थोडी वेगळी बाजू मांडतो. सुसीबद्दल मला अतिशय आदर आहे, परंतु पांढरी_रेघ यांच्या सहकाऱ्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. सुसीचा खेळ उंच आणि खोल टॉसवर, म्हणजे समोरचीच्या डोक्यावरून मागच्या रेषेपर्यंत जाणाऱ्या फटक्यावर उभा होता. ती समोरचीला मागच्या दोन कोपऱ्यांत फिरवत राहायची, दमवायची आणि मग नेटजवळ मोकळी झालेली जागा वापरायची. या पद्धतीला वेळ लागतो. जुन्या नियमांत वेळ मुबलक होता, कारण सर्व्हिस नसताना रॅली जिंकली तरी गुण मिळत नसे, केवळ सर्व्हिस मिळे. सामने लांबत आणि लांबलेल्या सामन्यात तिची तब्येत जिंकत असे. बार्सिलोनातील तिसरा गेम ११-३ झाला तो त्यामुळेच. आज दमवायला तेवढा अवधीच मिळत नाही.

शिवाय जेव्हा प्रतिस्पर्धी पुरेशी तंदुरुस्त असे तेव्हा ती हरलीही आहे. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरीत त्याच बांग सू-ह्यूनने तिला हरवले आणि पुढे सुवर्ण जिंकले. चीनच्या ये झाओयिंगनेही शेवटच्या वर्षांत तिला पुष्कळ त्रास दिला.

जुना_पंच

बॅकहँड_क्रॉस यांनी जुन्या नियमांविषयी लिहिले ते बरोबर आहे, पण त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला उलटा वाटतो. मी जिल्हा पातळीवर वीस वर्षे पंचगिरी केली, त्यातील बहुतेक वर्षे जुन्या पद्धतीत गेली, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

जुन्या पद्धतीत महिला एकेरीचा गेम ११ गुणांचा असे आणि सर्व्हिस करणारीलाच गुण मिळत असे. याचा अर्थ असा, की आपली सर्व्हिस असताना एखादीने जोरात स्मॅश मारला आणि तो बाहेर गेला, तर तिचा गुण जात नसे, फक्त सर्व्हिस जात असे. म्हणजे धोका पत्करून आक्रमण करणारीला चूक करण्याची मुभा होती. संयमाने खेळणारीला मात्र एका गुणासाठी आधी सर्व्हिस परत मिळवायची आणि मग आणखी एक रॅली जिंकायची, असे दुहेरी काम होते. २००६पासून आलेल्या २१ गुणांच्या पद्धतीत प्रत्येक चुकीला गुणाची किंमत आहे. तेव्हा कमी चुका करणारीचे मोल आज वाढले असेल, कमी झालेले नाही. सुसी आजच्या नियमांत खेळली असती तर तिला अधिक त्रास झाला असता, असे मानण्यास मला आधार दिसत नाही. लांबलेल्या सामन्यातील तंदुरुस्तीचा लाभ काहीसा घटला असता, हे मात्र मान्य.

दमवण्यापलीकडचे तिचे बळ पाहायचे असेल तर १९८९च्या सुदिरमान चषकाचा अंतिम सामना आठवावा.

जकार्ताकर

जुना_पंच यांनी माझ्या मनातला सामना काढला. मी गेली अकरा वर्षे नोकरीनिमित्त जकार्तात राहतो. इथे पन्नाशीच्या पुढच्या कुणाशीही बॅडमिंटनवर बोलणे निघाले, की गोष्ट हमखास १९८९वर येते.

सुदिरमान चषक ही मिश्र सांघिक स्पर्धा त्या वर्षी पहिल्यांदाच भरली होती, तीही जकार्तात. इस्तोरा सेनायान या सभागृहात इंडोनेशिया आणि दक्षिण कोरिया अंतिम फेरीत समोरासमोर आले. पाच लढतींपैकी पहिल्या दोन्ही, म्हणजे पुरुष दुहेरी आणि महिला दुहेरी, कोरियाने जिंकल्या. तिसरी लढत महिला एकेरीची होती आणि कोर्टवर उतरली ती अठरा वर्षांची सुसी. पहिला गेम ती ली यंग-सुकविरुद्ध १०-१२ असा हरली. दुसऱ्या गेममध्ये ती ७-१० अशी मागे होती, म्हणजे कोरियाला चषकासाठी एकच गुण हवा होता. तिथून तिने १०-१० अशी बरोबरी साधली, तो गेम १२-१० असा घेतला आणि तिसरा ११-० असा जिंकला. त्यानंतरच्या दोन्ही लढती इंडोनेशियाने जिंकल्या आणि चषक मिळवला. आजवर इंडोनेशियाने हा चषक तेवढा एकदाच जिंकला आहे.

माझे एक वयस्कर सहकारी त्या दिवशी प्रेक्षकांत होते. ते सांगतात, की ७-१० असताना आजूबाजूची माणसे उठून दरवाजाकडे निघाली होती आणि गलका ऐकून पुन्हा धावत आत आली. इस्तोरात मी स्वतः अनेकदा सामने पाहिले आहेत. तिथे प्रत्येक फटक्यासरशी सगळे सभागृह एका सुरात ओरडते आणि तो आवाज छातीत जाणवतो. अठराव्या वर्षी त्या आवाजात, चषक हातातून निसटत असताना, घाई न करता टॉस मागच्या रेषेपर्यंत टाकत राहणे हे मला कोणत्याही स्मॅशपेक्षा धाडसाचे वाटते.

रानजाई

११-० वाचून अंगावर काटा आला.

मला तिचा बार्सिलोनातील पदक समारंभ सर्वांत जवळचा वाटतो. राष्ट्रगीत सुरू झाल्यावर तिच्या गालांवरून अश्रू ओघळत होते आणि ती ते पुसतही नव्हती. इंडोनेशियाचे ऑलिंपिकमधील ते पहिलेवहिले सुवर्ण होते. तोवर त्या देशाला केवळ एक पदक मिळाले होते, १९८८मध्ये महिलांच्या तिरंदाजी संघाचे रौप्य. म्हणजे इंडोनेशियाचे पहिले पदकही स्त्रियांचे आणि पहिले सुवर्णही स्त्रीचे. त्याच दिवशी काही वेळाने तिचा होणारा नवरा अ‍ॅलन बुदिकुसुमा याने आर्दी विरानाताला हरवून पुरुष एकेरीचे सुवर्ण मिळवले. १९९७मध्ये दोघांचे लग्न झाले.

जकार्ताकर

रानजाई, ते दोघे परतले तेव्हा त्यांची उघड्या गाडीतून जकार्ताभर मिरवणूक निघाली होती. गाडीवर भलेमोठे शटल बसवलेले होते.

सुसीचे मूळ गाव तासिकमालाया हेही मी एकदा मुद्दाम जाऊन पाहिले. बांडुंगहून आगगाडी डोंगरांतून वळणे घेत तिथे जाते. कागदाच्या रंगीत छत्र्यांसाठी ते गाव प्रसिद्ध आहे. तिथल्याच एका क्लबमध्ये तिने खेळायला सुरुवात केली आणि चौदाव्या वर्षी, १९८५मध्ये, घर सोडून जकार्ताच्या जाया राया क्लबमध्ये आली.

ओळखपत्र

सुसीच्या कारकिर्दीची एक बाजू अजून इथे आली नाही. ती चिनी वंशाची इंडोनेशियन आहे. १९६७च्या अध्यक्षीय आदेशाने त्या देशात चिनी सण आणि धार्मिक विधी सार्वजनिक ठिकाणी साजरे करण्यास बंदी होती. चिनी वंशाच्या नागरिकांना, मग त्यांचा जन्म तिथलाच का असेना, पासपोर्टसारख्या कामांसाठी नागरिकत्वाचा वेगळा दाखला सादर करावा लागे. सुसी आणि अ‍ॅलन यांनाही तो मागितला गेला आणि दोघांनी त्याविषयी जाहीरपणे सांगितले आहे. देशासाठी पहिले सुवर्ण मिळवणाऱ्या व्यक्तीला ‘तुम्ही इथल्याच आहात याचा पुरावा आणा’ असे सांगितले जाते, तेव्हा तिला काय वाटले असेल?

मे १९९८मध्ये जकार्तात दंगली उसळल्या आणि चिनी वंशाच्या लोकांची घरे-दुकाने जाळली गेली. त्याच दिवसांत इंडोनेशियाचे संघ हाँगकाँगमध्ये थॉमस आणि उबेर चषकासाठी खेळत होते. घरच्यांची खुशाली कळणे कठीण असताना पुरुष संघाने थॉमस चषक जिंकला आणि महिला संघ अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. ती बंदी २०००मध्ये राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी उठवली.

बॅकहँड_क्रॉस

ओळखपत्र, माहिती मोलाची आहे, पण धाग्याचा प्रश्न तिच्या खेळाच्या शैलीविषयी आहे. या गोष्टींचा त्याच्याशी संबंध कसा लावायचा?

ओळखपत्र

संबंध आहे. सुसीला घडवणाऱ्या प्रशिक्षक लियांग चिऊ सिया यांचा जन्म इंडोनेशियातला. तरुणपणी त्या चीनला गेल्या, चीनकडून खेळल्या आणि परत इंडोनेशियात येऊन शिकवू लागल्या. अ‍ॅलनचे प्रशिक्षक तोंग सिन फू यांची वाटही तीच. चीनमधील कठोर शारीरिक तयारी आणि इंडोनेशियातील मनगटी कौशल्य यांचा जो मेळ सुसीच्या खेळात दिसतो, तो अशा दोन देशांत विभागलेल्या माणसांच्या हातून आलेला आहे. तोंग सिन फू यांना इंडोनेशियाने नागरिकत्व नाकारले, १९९८मध्ये ते चीनला परतले आणि तिथे त्यांनी लिन दानला घडवले. एका दाखल्यापायी इंडोनेशियाने काय गमावले, हे लिन दानच्या दोन ऑलिंपिक सुवर्णांवरून समजते.

बॅकहँड_क्रॉस

हे मला ठाऊक नव्हते. माझा आक्षेप मागे घेतो.

जुना_पंच

सुसीबरोबरच्या खेळाडूंचाही उल्लेख व्हायला हवा, कारण ती एकटी नव्हती. १९९१च्या ऑल इंग्लंडच्या अंतिम फेरीत तिच्यासमोर तिचीच संघसहकारी सर्वेंदा कुसुमावर्धनी होती (हे नाव मराठी कानाला किती ओळखीचे वाटते!). १९९४मध्ये जकार्तातच उबेर चषकाच्या अंतिम फेरीत चीनविरुद्ध २-२ अशी बरोबरी झाली आणि शेवटच्या लढतीत मिया औदिना ही अवघी चौदा वर्षांची मुलगी झांग निंगला हरवून गेली. १९९६मध्ये इंडोनेशियाने तो चषक राखला आणि त्याच वर्षी अटलांटामध्ये मियाला रौप्य व सुसीला कांस्य मिळाले.

मिया लग्नानंतर नेदरलँड्सला गेली. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ती त्या देशाकडून अंतिम फेरीत पोहोचली आणि तिथे तिला कोणी हरवले, तर दहा वर्षांपूर्वी तिने हरवलेल्या त्याच झांग निंगने.

सदाफुली

इंडोनेशियाच्या महिला एकेरीत सुसीनंतर पोकळी निर्माण झाली, असे नेहमी वाचनात येते. ते कितपत खरे आहे?

जकार्ताकर

बरेचसे खरे आहे. सुसी १९९८मध्ये निवृत्त झाली, मियाही गेली आणि अटलांटानंतर महिला एकेरीत इंडोनेशियाला पुढचे ऑलिंपिक पदक मिळायला २००८ उजाडले. ते मारिया क्रिस्तिन युलियांतीचे कांस्य. त्यानंतरचे थेट २०२४मध्ये पॅरिसला, ग्रेगोरिया मारिस्का तुंजुंगचे कांस्य. दरम्यान दुहेरीत ग्रेसिया पोली आणि अप्रियानी रहायू यांनी टोकियोत सुवर्ण जिंकले, तो दिवस इथे सणासारखा साजरा झाला. सुसी स्वतः २०१६पासून काही वर्षे राष्ट्रीय संघटनेत खेळाडूंच्या जडणघडणीची जबाबदारी सांभाळत होती. २०१८च्या आशियाई स्पर्धेची ज्योत जकार्तात तिच्याच हातून प्रज्वलित झाली. त्याच स्पर्धेत आपल्या सिंधूला रौप्य आणि सायनाला कांस्य मिळाले.

पांढरी_रेघ

मारिया क्रिस्तिनचे नाव निघाले आणि मला एकदम मूळ प्रश्न आठवला. बीजिंगमध्ये उपांत्यपूर्व फेरीत तिच्यासमोर सायना होती. सायनाने पहिला गेम २८-२६ असा घेतला, दुसरा मारियाने घेतला आणि तिसऱ्यात सायना ११-३ अशी पुढे होती. त्या दिवशी मी टीव्हीसमोर हात जोडून बसले होते. तिथून मारिया क्रिस्तिनने तो गेम २१-१५ असा जिंकला. हे २१ गुणांच्या पद्धतीत घडले. आठ गुणांनी मागे असलेल्या खेळाडूने फूल कोर्टमध्ये ठेवून सामना फिरवला. मग दमवायला आज अवधी नाही, असे कसे म्हणावे?

बॅकहँड_क्रॉस

उदाहरण चांगले आहे, आणि मला ते दुखरेही आहे. तरी एका सामन्यावरून पद्धत सिद्ध होत नाही. माझे म्हणणे असे आहे, की सर्वोच्च पातळीवर, वर्षानुवर्षे, आजच्या काळात या शैलीवर राज्य करणारी खेळाडू दाखवता आली पाहिजे.

शेवटचा_कोपरा

इतका वेळ केवळ वाचत होतो, आता लिहितो. ती खेळाडू आपल्या डोळ्यांसमोर आहे. दक्षिण कोरियाची अन से-यंग.

१९९३मध्ये सुसीकडे ऑलिंपिक, विश्वविजेतेपद आणि ऑल इंग्लंड ही तिन्ही विजेतेपदे एकाच वेळी होती. महिला एकेरीत असे करणारी ती एकमेव आहे, असे अनेक जुन्या लेखांत असते. ते आता दुरुस्त करायला हवे. अन से-यंग २०२३मध्ये विश्वविजेती झाली, २०२४मध्ये तिने पॅरिसला ऑलिंपिक सुवर्ण जिंकले, आणि ऑलिंपिकच्या वर्षी विश्वविजेतेपदाची स्पर्धा होत नसल्याने २०२५च्या मार्चमध्ये ऑल इंग्लंड जिंकले तेव्हा तिन्ही तिच्याकडे होती. आता तिचा खेळ पाहा. तीही मागच्या कोपऱ्यांतून खोल टॉस टाकते, खाली वाकून अशक्य वाटणारे ड्रॉप उचलते आणि तिसऱ्या गेममध्ये समोरची ओणवी होऊन गुडघ्यांवर हात टेकते तेव्हा ही ताठ उभी असते. सुसीने कोरियाच्या खेळाडूंना ज्या पद्धतीने हरवले, त्याच पद्धतीची आजची सर्वांत मोठी खेळाडू कोरियाची आहे.

मात्र एक फरक मान्य करतो. अन से-यंगने गेल्या काही वर्षांत आक्रमणही वाढवले आहे. संधी आली, की ती रॅली संपवते. सुसी अनेकदा आणखी एक टॉस टाकायची.

सदाफुली

शेवटचे वाक्य मला महत्त्वाचे वाटते, पण त्याला थोडी पुस्ती जोडते. सुसीही संपवायची. फक्त तिचा संपवणारा फटका स्मॅश नसायचा. समोरची मागच्या रेषेवर अडकली, की ती तोच हात, तोच खांदा, टॉसचाच आविर्भाव करून फूल नेटमागे अलगद सोडायची. आमचे सर तो फटका चार वेळा दाखवायचे आणि टॉस की ड्रॉप हे फूल सुटण्याआधी ओळखायला सांगायचे. आम्हाला एकदाही ओळखता आले नाही.

जुना_पंच

हे अगदी बरोबर. ‘बचाव’ हा शब्द फूल कुठून उचलले यावरून लावला जातो. ते कुठे टाकले हे पाहिले तर तिचा प्रत्येक टॉस समोरचीला एक पाऊल जास्त चालायला लावणारा असे. बांग सू-ह्यून उंच होती, तिचा स्मॅश वरून उतरायचा, तरी बार्सिलोनात दुसऱ्या गेमपासून तिला पुढे येऊन तो मारता आला नाही, कारण सुसी तिला बॅकहँडच्या मागच्या कोपऱ्यातून बाहेर पडूच देत नव्हती.

बॅकहँड_क्रॉस

अन से-यंगच्या उदाहरणानंतर माझ्याकडे फारसे उत्तर नाही. पांढरी_रेघ, आपल्या सहकाऱ्यांना एवढे मात्र सांगा, की मुलींना सुसी दाखवताना तिचा ड्रॉपही दाखवणार आहात.

पांढरी_रेघ

सर्वांचे मनापासून आभार. मी हा धागा त्या ज्येष्ठ प्रशिक्षकांना वाचायला दिला. त्यांनी जुना_पंच यांचा सर्व्हिसविषयीचा परिच्छेद दोनदा वाचला आणि विचार करतो म्हणाले.

काल छप्पर दुरुस्त झाले. आज सकाळी मी मागच्या रेषेच्या आत एक हातावर खडूने आडवी रेघ मारली आणि मुलींना सांगितले, की या दोन रेघांच्या मधे सलग वीस टॉस पडेपर्यंत कोणीही स्मॅश मारायचा नाही. सर्वांत धाकटी मुलगी चौदापर्यंत पोहोचली. पंधरावा टॉस जाळीत गेल्यावर तिने पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.